मानेचं दुखणं कामाच्या खात्यावर मांडा

पुण्यात माणसाची मान चारचौघांत चर्चेला आली ती हेल्मेटच्या निमित्तानं. १ जानेवारी २०१९ पासून शहरात हेल्मेटसक्तीची कडक अंमलबजावणी सुरू झाली आणि विरोधाच्या समित्या, निवेदनं, मोर्चे हे सगळं रीतसर झालं. विरोधकांचा एक मुद्दा ठळक होता: हेल्मेटच्या वजनानं मान धरते, मणक्याचे विकार बळावतात. मला तो मुद्दा तेव्हाही पटला नव्हता, आजही पटत नाही. किलो-सव्वा किलोचं हेल्मेट अर्धा-पाऊण तास डोक्यावर असतं आणि अपघातात जीव वाचवतं. पण त्या भांडणात पुणेकरांनी एक गोष्ट अचूक पकडली होती. माणसाच्या मानेवर बाहेरून कुणी भार टाकत असेल, तर तो त्या माणसाचा खासगी मामला राहत नाही. भार टाकणाऱ्याला जाब विचारता येतो. हाच न्याय संगणकासमोर आखडणाऱ्या मानेला का लावला जात नाही, हा माझा प्रश्न आहे.

या शहराचं आणि संगणकाचं नातं जुनं आहे. १९८८ साली सी-डॅक इथं उभी राहिली, १९९१ साली 'परम' महासंगणक इथं घडला. पुढे हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर-बालेवाडी, तळवडे अशी कामाची ठाणी वसत गेली. आज लाखो माणसं या शहरात पडद्याकडे बघून पोट भरतात, आणि ती सगळी आयटीतली नाहीत. नारायण पेठेत पानं लावणारे डीटीपीवाले आहेत, जुलै आला की रात्री जागवून विवरणपत्रं भरणारी सीएंच्या कार्यालयातली मुलं आहेत, बँकांतले, पतपेढ्यांतले, तहसील कचेरीतले कर्मचारी आहेत. यांतल्या कुणालाही विचारा. 'मान आखडलीय', 'खांदे भरून आलेत', 'हाताला मुंग्या येतात' हे शब्द इथं हवापाण्याच्या गप्पांसारखे ऐकू येतात.

आणि उत्तरंही ठरलेली असतात. सरळ बस. उशी बदल. बाम लाव, शेक दे. व्यायाम करत नाहीस ना, मग भोग. सल्ला देणारे आपुलकीनंच देतात. पण या प्रत्येक सल्ल्यात दुखणं त्या माणसाच्या सवयीतून आलं असं गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं असं की संगणकावरची मानदुखी मुख्यतः कामाच्या रचनेतून येते: सलग किती वेळ बसावं लागतं, उठायची मुभा आहे का, घाई किती आहे, साधनं कुणी दिली आहेत, यातून. म्हणून ती टाळण्याची पहिली जबाबदारी काम देणाऱ्यावर आणि कायदा करणाऱ्यावर आहे. बसणाऱ्याची जबाबदारी आहेच, पण ती दुसरी.

हे पटायला मानेत काय घडतं ते नीट बघावं लागेल. कवटीच्या पायथ्यापासून दोन्ही खांद्यांपर्यंत पसरलेला एक मोठा स्नायू असतो, ट्रॅपेझियस नावाचा. कीबोर्डवर हात अधांतरी धरले की तो हलकासा ताणलेला राहतो. ताण इतका कमी असतो की आपल्याला जाणवतही नाही. स्वीडनचे संशोधक गोरान हॅग यांनी १९९१ मध्ये या स्नायूबद्दल एक गृहीतक मांडलं. हलकं काम सुरू झालं की स्नायूतले काही ठरावीक लहान तंतू सगळ्यांत आधी कामाला लागतात आणि सगळा स्नायू पुरता सैल पडेपर्यंत त्यांची सुटका होत नाही. जड कामाला नंतर मोठे तंतू येतात, काम हलकं झालं की ते निघूनही जातात. हे लहान तंतू मात्र सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. हॅग यांनी त्यांना सिंड्रेलाचं नाव दिलं. आपल्याकडे एकत्र कुटुंबातली थोरली सून आठवावी: सगळ्यांआधी उठायचं, सगळ्यांनंतर पाठ टेकायची, आणि काम फार जड नव्हतं असं सगळ्यांनी म्हणायचं.

या मांडणीतून दोन गोष्टी निघतात. पहिली, दुखण्याचं मूळ भाराच्या आकड्यापेक्षा भाराच्या सलगतेत आहे. वजन उचलणारा हमाल पोतं खाली टाकतो तेव्हा त्याचा स्नायू मोकळा होतो. टाइप करणाऱ्याचं पोतं खाली पडतच नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. प्रयोगशाळांमध्ये माणसांना हात न हलवता नुसती डोक्याला ताण देणारी कामं दिली, तरी हाच स्नायू ताठरतो असं दिसलेलं आहे. म्हणजे डेडलाइन, वरिष्ठाचा सूर, रात्री येणारा क्लायंटचा मेल, यांची नोंद मान ठेवते. खुर्ची कितीही महागाची आणली तरी ती नोंद पुसली जात नाही.

इथं बसण्याच्या पद्धतीबद्दल पसरलेला एक समज तपासला पाहिजे. २०१४ साली अमेरिकेतले शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांचे आकडे जगभर फिरले: मान साठ अंशांत झुकली की मणक्यावर सत्तावीस किलोंचा भार येतो. वाकलेल्या माणसाचं ते चित्र आजही कुटुंबाच्या ग्रुपवर येतं. पण ते आकडे गणिती प्रतिमानातून काढलेले होते. झुकणाऱ्या किती माणसांची मान दुखते, हे त्यात पाहिलेलंच नव्हतं. नंतर प्रत्यक्ष माणसांवर झालेल्या अभ्यासांत 'वाकून बसतो म्हणून दुखतं' हा सरळ संबंध वाटला होता तितका पक्का निघालेला नाही. ताठ बसून तीन तास न हलणारा माणूसही दुखणं ओढवून घेतो.

तसंच एमआरआयचं. पुण्यात तिशीतल्या पोरांच्या हातात मोठमोठे लिफाफे दिसतात आणि तोंडी एकच वाक्य असतं: 'मणक्यात गॅप आहे.' २०१५ साली जपानमधल्या १,२११ निरोगी, काहीही तक्रार नसलेल्या माणसांच्या मानेचे एमआरआय प्रसिद्ध झाले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतल्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. विशीतल्या माणसांतही बहुसंख्यांच्या. केस पिकावेत तसे हे बदल होत असतात, आणि बहुतेकदा त्यांचा दुखण्याशी संबंध नसतो. पण अहवालावर ते शब्द छापून आले की माणूस घाबरतो, मान हलवायची थांबवतो, महिनोन्‌महिने पट्टा बांधून फिरतो, आणि न हलवल्यानं स्नायू आणखी दुबळे होतात. कामातून आलेलं दुखणं अशा रीतीनं हाडात गेल्यासारखं वाटू लागतं, आणि मग कामाकडे कुणी बघतच नाही.

माझ्या ओळखीच्या एक बाई पेठेतल्या एका छोट्या कार्यालयात डीटीपी करतात. पुस्तकांची पानं लावायची, प्रुफावरच्या दुरुस्त्या घ्यायच्या, पैसे पानावर. त्यांची मान फक्त डावीकडे दुखायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, शेकण्याची पिशवी झाली. एकदा त्यांच्या शेजारी बसून मी त्यांचं काम बघत होतो. हस्तलिखिताची चवड टेबलावर डाव्या हाताला, सपाट पडलेली. बाई ओळ वाचायला मान डावीकडे आणि खाली नेत, मग पडद्याकडे आणत, पुन्हा डावीकडे. एका पानाला कितीतरी वेळा. मी म्हटलं, "ताई, मधे उठत नाही का?" त्या बोटं न थांबवता म्हणाल्या, "उठले की पान राहतं. फॉर्म आज छपाईला जायचाय." आम्ही पुठ्ठ्याचा एक उतार करून कागद पडद्याच्या शेजारी, डोळ्यांच्या उंचीवर उभे केले. त्यानं पुष्कळ फरक पडला. जुन्या टायपिंगच्या क्लासांत बोटांकडे बघायचं नाही हा पहिलाच धडा असे; अंगाची शिस्त हा हुन्नराचाच भाग मानला जाई. संगणक घरोघर आला आणि तो धडा देणारं कुणी उरलं नाही. पण पुठ्ठ्याचा उपाय अर्धाच. 'उठले की पान राहतं' या वाक्यावर पुठ्ठा चालत नाही. त्याला मजुरीचा दर आणि छपाईची तारीख या दोन गोष्टींना हात घालावा लागतो.

लिहिण्याचं काम करणाऱ्यांचं हे दुखणं नवं नाही. इटलीतले वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी व्यवसायजन्य आजारांवरचा आपला ग्रंथ १७०० साली काढला आणि १७१३ च्या आवृत्तीत लेखनिकांच्या आजारांची भर घातली. कारणं त्यांनी तीन सांगितली: सतत बसणं, हाताची सारखी एकाच दिशेनं होणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांनंतर यात भर घालण्यासारखं फारसं नाही. पुणे तर लेखणीचंच शहर. पेशवे दफ्तरातले मोडी कागदांचे रुमाल ज्यांनी भरले, त्या कारकुनांच्या मानेची नोंद कुठल्या रुमालात असेल असं वाटत नाही. पण बैठकीवर बसून रोज हिशेब उतरवणाऱ्या त्या माणसांना हे तिन्ही लागू होतं. रामाझ्झिनींचं मोठेपण असं की त्यांनी रोग्याला 'तुझा धंदा काय' हा प्रश्न विचारायला वैद्यांना शिकवलं. आपल्याकडे आज मानदुखीच्या रोग्याला उशी कसली वापरता हे आधी विचारलं जातं. दिवसातून किती तास, मधे किती वेळा उठता, काम कुणाच्या वेळापत्रकानं चालतं, हे क्वचितच.

मग उपाय काय चालतात? इथं चांगली गोष्ट अशी की उत्तरं साधी आहेत आणि तपासलेली आहेत. अमेरिकेत कर खात्यातल्या डेटा भरणाऱ्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले. नेहमीच्या सुट्यांखेरीज दिवसात पाच-पाच मिनिटांच्या चार जादा सुट्या दिल्या. मान, खांदे, डोळे यांचा त्रास कमी झाला; वीस मिनिटं कमी काम करूनही कामाचं प्रमाण घटलं नाही. डेन्मार्कमध्ये २०११ साली १९८ कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला: रबरी पट्टा धरून खांद्यांचा ताकदीचा व्यायाम, दहा आठवडे, एका गटाला रोज फक्त दोन मिनिटं, दुसऱ्याला बारा. दोन मिनिटंवाल्यांचंही दुखणं लक्षणीय कमी झालं. हा व्यायाम कार्यालयात करायचा होता, ही बाब मी अधोरेखित करतो.

आता लॅपटॉप. त्याचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले आहेत, यातच सगळी अडचण आहे. पडदा डोळ्यांसमोर आणला तर हात वर लटकतात; हात कोपराच्या पातळीवर ठेवले तर मान खाली जाते. कुठल्याही शहाण्या बसण्यानं ही कोंडी सुटत नाही. लॅपटॉप जाड पुस्तकांवर किंवा स्टँडवर ठेवून कीबोर्ड आणि माउस वेगळे जोडले की मात्र सुटते. पडदा हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली. कोपरं टेकलेली. पाय जमिनीला पोहोचत नसतील तर खाली पाट. दुहेरी भिंगाचा चष्मा असलेल्यांनी पडदा आणखी खाली घ्यावा. खालच्या भिंगातून वाचण्यासाठी ती माणसं हनुवटी वर करून बसतात आणि मानेचा मागचा भाग दिवसभर चेपतो. ही सगळी सामग्री लॅपटॉपच्या किमतीच्या मानानं किरकोळ खर्चाची आहे. तरीही कंपन्या पन्नास-साठ हजारांचा लॅपटॉप देतात आणि कीबोर्ड कर्मचाऱ्यानं स्वतः घ्यावा असं मानतात. मार्च २०२० मध्ये सगळे घरी बसले तेव्हा जेवणाच्या टेबलावर, पलंगावर, ओट्यावर लॅपटॉप आले, आणि बऱ्याच घरांतून ते अजून तिथंच आहेत.

घर म्हटलं की बायकांचा विचार वेगळा करावा लागतो. २०२० साली जगात सुमारे वीस कोटी लोकांना मानदुखी होती असा अंदाज आहे, आणि प्रमाण स्त्रियांत जास्त. शरीराची ठेवण हे त्याचं एक कारण असेल. पण पुण्यातल्या घरात बघा: सकाळी डबे, मग स्टेटस कॉल, मधे मुलाचा अभ्यास, संध्याकाळी स्वयंपाक, आणि रात्री अमेरिका जागी झाली की पुन्हा कॉल. 'थोड्या-थोड्या वेळानं विश्रांती घ्या' हा सल्ला त्या बाईला दिला, तर ती उठते आणि कणीक मळते. खांदा तोच राबतो.

योगाबद्दलही लिहायला हवं, कारण पुण्यात मानदुखीला योग सांगितला जाणारच. बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात आले आणि इथलेच झाले. त्यांची रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था १९७५ पासून शिवाजीनगरात आहे. जर्मनीत २०१३ साली मानेच्या जुनाट दुखण्याच्या ५१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत नऊ आठवड्यांच्या अय्यंगार योगानं घरी करायच्या व्यायामापेक्षा जास्त आराम पडला. पुण्याची विद्या परदेशात तपासून खरी उतरली, याचा आनंद आहे. पण अय्यंगारांच्या पद्धतीतला मला भावणारा गाभा त्यांच्या साधनांत आहे. दोर, पट्टे, लाकडी ठोकळे, खुर्च्या, उशा त्यांनी वापरात आणल्या. ज्याचा हात जमिनीला पोहोचत नाही, त्याच्या हाताखाली ठोकळा ठेवा. शरीराला साधनासाठी वाकवू नका, साधन शरीरापर्यंत आणा. कार्यालयांनी अय्यंगारांकडून घ्यायचं ते हे. २१ जूनला सभागृहात सगळ्यांना आसनं शिकवणं चांगलंच आहे, मात्र त्यानं २२ जूनच्या बारा तासांच्या दिवसाची भरपाई होत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. युरोपीय समुदायानं मे १९९० मध्ये पडद्यावरच्या कामासाठी एक निर्देश काढला, क्रमांक ९०/२७०. त्यात मालकावर बंधन घातलं: पडद्यावरचं रोजचं काम ठरावीक काळानं सुटीनं किंवा कामाच्या बदलानं खंडित होईल अशी आखणी त्यानं करायची. कळफलक पडद्यापासून वेगळा असावा हेही त्यात आहे. प्रत्येक जागेची तपासणी करायची, धोके शोधायचे, डोळे तपासून द्यायचे. ब्रिटननं १९९२ मध्ये त्यावरून नियम केले आणि युरोपीय संघ सोडल्यावरही ते तिथं चालू आहेत.

आता हिंजवडीतला एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. तो लंडनच्या बँकेचं काम करतो. रोजच्या कॉलवर तिकडचा सहकारी आणि हा एकाच कोडकडे बघत असतात. तिकडच्याच्या टेबलाची तपासणी झालेली आहे, त्याच्या सुटीची आखणी मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. इकडच्याची नाही. काम एक, पडदा एक, घड्याळ इकडच्याचं जास्त उलटंपालटं. दोन मानांची किंमत दोन कायद्यांनी वेगळी ठरवलेली आहे. आपण स्वस्तात काम करतो असं म्हटलं जातं. त्या स्वस्ताईतला एक हिस्सा हा आहे, आणि तो या पोरांच्या खांद्यांतून वसूल होतो.

आपला कायदा काय सांगतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानं दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. पाच तास! पडद्यासमोर सलग पाच तास बसणं कायद्याला मान्य आहे. आरोग्य-सुरक्षेच्या कलमात स्वच्छता, उजेड, हवा, आगीपासून बचाव आहे. खुर्ची, टेबल, पडदा नाही. व्यवस्थापकीय पदांना तर या मर्यादा लागूच नाहीत, आणि आयटीत हुद्दे भराभर मोठे होतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं दिवसाचे ९ तास १० करायला मंजुरी दिली. ज्या काळात मानेला खंड हवा, त्या काळात आपण सलगता वाढवतो आहोत. आणि अंमलबजावणीची गत अशी की पुण्यातल्या एका बड्या कार्यालयाची या कायद्याखाली अनेक वर्षं नोंदणीच नव्हती, हे २०२४ मध्ये कामगार खात्याच्या तपासणीतून उघड झालं.

केंद्राच्या कायद्यांत व्यवसायजन्य रोगांच्या अनुसूची आहेत. शिसं, पारा, सिलिका, कापसाची धूळ, गोंगाटानं येणारं बहिरेपण, हे सारं त्यांत आहे आणि असायलाच हवं. गिरणी आणि खाणकामगारांनी ते झगडून मिळवलं. मान, खांदा, मनगट मात्र नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१० च्या यादीत स्नायू-सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र गट आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. चाळिशी ओलांडलेल्यांना वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी हे त्यांतलं चांगलं पाऊल आहे. पण संगणकावरची मान विशी-पंचविशीत दुखू लागते. चाळिशीपर्यंत ते दुखणं मुरलेलं असतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: मानदुखी मोजता येत नाही, खोटं सांगणारे निघतील. ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात टंकलेखक आणि टेलिफोन खात्यातल्या कर्मचाऱ्यांमध्ये हातामानेच्या दुखण्याची लाट आली, तेव्हा अगदी हाच वाद झाला. दुखणं शरीरात की मनात, यावर डॉक्टर आपसांत भांडले. मला त्यातून उलटा धडा मिळतो. भरपाईपाशी पोहोचेपर्यंत थांबलं की वाद पुराव्याचा होतो. प्रतिबंधाला पुरावा लागत नाही. तासाला पाच मिनिटं उठण्यासाठी कुणाला आजारी असल्याचं सिद्ध करावं लागत नाही.

दुसरा आक्षेप: उठायला कुणी बंदी केली आहे? कागदावर कुणीच नाही. पण घरून काम करणाऱ्या कुणालाही त्या हिरव्या ठिपक्याबद्दल विचारा. काही मिनिटं कळ दाबली नाही की चॅटवरचा ठिपका पिवळा होतो आणि माणूस जागेवर नाही असं सगळ्यांना दिसतं. म्हणून पाणी प्यायला जातानाही लोक लॅपटॉप उघडा नेतात. मानेला मोकळीक देणारी प्रत्येक कृती या व्यवस्थेत गैरहजेरी म्हणून नोंदली जाते. सकाळची 'स्टँड-अप' बैठक खरोखर उभं राहून घेणं, तासाची बैठक पन्नास मिनिटांत संपवणं, दोन कॉलमध्ये मोकळी जागा सोडणं, हे एखादा टीम लीड उद्यापासून करू शकतो. तसे करणारे आहेतही, आणि त्यांच्या हाताखालच्या मुलांना त्याचा फरक कळतो.

छोट्या कार्यालयांना हे परवडेल का, हा प्रश्न मी हलका मानत नाही. पेठेतल्या डीटीपीवाल्याचा मालकही दोन संगणकांचाच धनी असतो. त्याच्याकडून महागडी खुर्ची मागणं चुकीचं. पण कागद उभा धरायचा उतार, वेगळा कीबोर्ड आणि पानाच्या दरात थोडी वाढ, इतकं प्रकाशकांनी मिळून ठरवलं तर अशक्य नाही.

तोवर ज्याची मान आज दुखते आहे त्यानं काय करावं, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. हालचाल थांबवू नका. बहुतेक दुखणी हालचालीनं आणि थोड्या ताकदीच्या व्यायामानं काही आठवड्यांत उतरतात. खांदा आणि कान यांच्यात फोन धरून बोलू नका. सलूनमध्ये दाढीनंतर मान झटक्यात मोडून घेऊ नका; त्या झटक्यानं मानेतली रक्तवाहिनी फाटून पक्षाघात होऊ शकतो. हातातली ताकद कमी होत असेल, चालताना तोल जात असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, पडल्यानंतर दुखू लागलं असेल, किंवा सोबत ताप आणि वजन घटणं असेल, तर घरगुती उपाय सोडून लगेच डॉक्टरांकडे जा.

कायदा बदलायला वेळ लागेल, आणि तो आपोआप बदलणार नाही. गिरणी कामगारांकडे युनियन होती. आयटीतली मुलं स्वतःला कामगार म्हणायला अजून कचरतात, संघटना आहेत त्या कपातीच्या आणि सक्तीच्या राजीनाम्यांच्या लढायांतच गुंतलेल्या. म्हणून पहिली हालचाल आणखी एका दारानं व्हावी असं मला वाटतं. पुण्यातल्या कंपन्या युरोपातल्या ग्राहकांशी करार करतात तेव्हा विदेच्या सुरक्षेपासून पर्यावरणापर्यंत लांबलचक प्रश्नावल्या भरून देतात. ज्या ग्राहकाच्या देशात पडद्यावरच्या कामाचा हा नियम १९९०च्या दशकापासून आहे, त्याला आपल्या कामावरच्या पुण्यातल्या माणसांबद्दलही तोच प्रश्न विचारायला लावता येईल. आणि राज्याच्या नियमांत एक कलम आपण मागू शकतो, कामगार खात्याकडे, आमदारांकडे, लेखी: पडद्यासमोरच्या कामात दर तासाला पाच मिनिटांची सुटी, ती कामाच्या वेळेतच धरलेली, लॅपटॉपबरोबर स्टँड आणि वेगळा कीबोर्ड मालकाच्या खर्चानं, आणि जागेवरून उठलेल्या माणसाची ती पाच मिनिटं त्याच्याविरुद्ध कुठल्याही मूल्यमापनात न मोजण्याची हमी.